घाशीरामचे दैव कोणाच्या हातात होते?

(डेल्फ्ट येथे आपल्या मंचाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे हे लेखी रूप. बोलण्याच्या ओघात राहून गेलेले काही तपशील इथे भरले आहेत.)



संयोजकांनी मला दिलेला विषय असा होता : 'महत्त्वाकांक्षा, दैव आणि नैतिक अधःपतन – एका अभिजात शोकांतिकेच्या निमित्ताने'. हा विषय ऐकल्यावर आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात 'मॅकबेथ' आले असेल, आणि ते साहजिक आहे. मराठी रंगभूमीलाही या नाटकाने बराच काळ झपाटले होते. 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनी त्यावरून 'मानाजीराव' लिहिले. पुढे १९५४ साली वि. वा. शिरवाडकरांनी 'राजमुकुट' केले.

मी साहित्याची अभ्यासक नाही. नदीकाठचे बांध का फुटतात, हा माझ्या पोटापाण्याचा विषय. त्यामुळे 'हे कोसळले कसे?' हा प्रश्न विचारायची मला सवय आहे आणि त्या सवयीनेच मी आज बोलणार आहे.

'मॅकबेथ'मध्ये माणूस का कोसळतो याची दोन उत्तरे आपण शाळा-कॉलेजपासून ऐकत आलो आहोत. पहिले उत्तर असे की त्याची हाव मर्यादेबाहेर गेली. दुसरे असे की त्याचे दैवच तसे होते, चेटकिणींनी आधीच सांगून ठेवले होते. नाटकाची खरी गंमत या दोन उत्तरांच्या ओढाताणीत आहे, असे जाणकार सांगतात. माझी अडचण अशी की ही दोन्ही उत्तरे राजघराण्यातल्या माणसाला शोभतात. ज्याच्या हातात आधीच तलवार, जहागीर आणि राजाचा विश्वास आहे, अशा माणसाची ती गोष्ट आहे. ज्याच्या हातात काहीच नाही, जो परक्या शहरात उतरून पहिल्याच आठवड्यात अपमानित होतो, अशा माणसाच्या महत्त्वाकांक्षेचे काय होते? या प्रश्नासाठी मला स्कॉटलंडपेक्षा पुणे जवळचे वाटते. म्हणून मी विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'बद्दल बोलणार आहे.

काही जण म्हणतील, ही शोकांतिका कुठे आहे? त्यात दशावतार आहे, नमन-खेळे आहेत, कीर्तन आहे, लावणी आहे. बारा ब्राह्मणांची ती प्रसिद्ध मानवी भिंत कधी पडदा होते, कधी गर्दी होते, कधी देवघर होते. प्रेक्षक हसत-डोलत नाटक पाहतो. हे सगळे मान्य. पण सांगाडा पाहिला तर एक माणूस चढतो, चढताना आपल्याकडची सर्वांत मोलाची गोष्ट विकतो आणि त्याच विक्रीमुळे मरतो. शोकांतिकेला आणखी काय लागते?

आधी थोडा इतिहास, कारण इतिहास आणि नाटक यांची गल्लत नेहमी होते. घाशीराम सावळादास हा औरंगाबादकडून आलेला उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण. सवाई माधवरावांच्या काळात, कारभार नाना फडणविसांच्या हाती असताना, १७९१ पर्यंत तो पुण्याचा कोतवाल होता. १७९१ च्या ऑगस्टअखेरीस तेलंगी ब्राह्मणांचा एक जथा त्याच्या माणसांनी पकडून कोठडीत कोंडला. हवेअभावी त्यातले वीसहून अधिक जण गुदमरून मेले. शहर खवळले, नानांच्या दाराशी जमाव बसला आणि शेवटी घाशीरामाला त्या जमावाच्या हवाली करण्यात आले. लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट तेव्हा पुण्यात होता. त्याने ही हकिगत नोंदवून ठेवली आहे. पुढे १८६३ साली मोरोबा कान्होबा यांनी घाशीरामावर मराठीत एक पुस्तकही लिहिले.

तेंडुलकरांनी या सांगाड्यावर स्वतःचे नाटक उभे केले. आपले नाटक ऐतिहासिक नाही, असे ते सांगत आले. त्यांचा घाशीराम कनौजहून पोट भरायला पुण्यात येतो. बावनखणीत गुलाबीच्या कोठीवर पडेल ते काम करतो. एका रात्री नानांचा पाय मुरगळतो, तेव्हा घाशीराम आपली पाठ पुढे करतो आणि नाना त्या पाठीवर पाय ठेवतात. बक्षीस म्हणून मिळालेला हार गुलाबी गुंडांकरवी हिसकावून घेते. पुढे दक्षिणेच्या गर्दीत त्याच्यावर चोरीचा आळ येतो. त्याला मारहाण होते, तुरुंगात टाकतात आणि शेवटी शहराबाहेर हाकलतात. परत येऊन या शहराचा सूड घेईन, अशी प्रतिज्ञा करून तो जातो.

इथे जरा थांबू या. हा आळ खोटा असतो. म्हणजे नाटकाच्या सुरुवातीला घाशीराम महत्त्वाकांक्षी नाही. त्याला फक्त टिकून राहायचे आहे. त्याची महत्त्वाकांक्षा अपमानातून जन्माला येते. मॅकबेथला राजा व्हायचे असते, घाशीरामाला पुन्हा कोणी हाकलू नये एवढेच हवे असते. आपण सगळे घर सोडून आलेली माणसे आहोत. परवान्याच्या रांगेत उभे राहताना, घर भाड्याने मिळवताना, नावाचा उच्चार तिसऱ्यांदा दुरुस्त करताना मनात जे साठत जाते, ते आपल्याला ठाऊक आहे. त्यातूनच 'एकदा वर पोचलो की दाखवतो' हे वाक्य तयार होते. ते वाक्य घाशीरामाचे आहे, आणि त्याची सुरुवात अन्यायापासूनच होते.

पण अन्याय झाला म्हणून पुढचे सगळे क्षम्य होत नाही. घाशीरामाला एक मुलगी आहे, ललितागौरी. नानांची नजर तिच्यावर पडली आहे हे त्याला कळते. आणि तो सौदा करतो : मुलगी तुमची, कोतवाली माझी. अपमान खरा होता आणि हा सौदाही खरा आहे. यातले एक सांगून दुसरे पुसता येत नाही.

माझ्या मते नाटकाचा मध्य नानांच्या बाजूने पाहायला हवा. परक्या, एकाकी, सगळ्या शहराच्या द्वेषाचा विषय असलेल्या या माणसाला कोतवाल करण्यात आपला काय फायदा आहे, याचा हिशेब नाना प्रेक्षकांसमोर उघडपणे मांडतात. याला इथे कोणी पाठीराखा नाही, म्हणून तो आपल्याशीच एकनिष्ठ राहील. लोक याचा राग राग करतील, म्हणून आपल्यावरचा राग तिकडे वळेल. आपली पापे याच्या खात्यावर जमा होतील. नेमणूक करतानाच बडतर्फीची सोय करून ठेवलेली आहे.

मंडळी, चेटकिणींची जागा इथे नानांनी घेतली आहे. मॅकबेथचे भविष्य माळरानावर सांगितले जाते, घाशीरामाचे भविष्य कारभाऱ्याच्या दिवाणखान्यात ठरते. त्याला आपण 'दैव' म्हणतो, कारण घाशीरामाला तो हिशेब ऐकू येत नाही. प्रेक्षकाला मात्र तो ऐकू येतो. दुसऱ्याच्या हातातली सत्ता जेव्हा खालून दिसत नाही, तेव्हा तिला दैव हे नाव मिळते. मला या नाटकाबद्दल सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे.

याचा पुरावा नाटकातच आहे. कोतवाल झाल्यावर घाशीराम पुण्यात रात्रीची गस्त सुरू करतो, प्रत्येक गोष्टीला परवाना लावतो, संशयावरून माणसांना दिव्य करायला लावतो. त्या धामधुमीत ललितागौरी नाहीशी होते. ती गरोदर होती आणि त्यातच मेली, हे बापाला उशिरा कळते. तो संतापून नानांसमोर उभा राहतो. त्या वेळी नाना त्याला काय देतात? ते त्याला अध्यात्म ऐकवतात. सगळे वरून ठरलेले असते, आपण निमित्तमात्र, कोण कोणाचे असते, अशा अर्थाचा तो उपदेश आहे. आपल्या घराघरांत मृत्यूनंतर जी भाषा सांत्वनाची असते, तीच भाषा इथे गुन्हेगार स्वतःच्या बचावासाठी वापरतो. आणि घाशीराम ती ऐकून गप्प बसतो, कारण त्याला कोतवाली टिकवायची आहे. माझ्या मते त्याचे खरे पतन याच क्षणी होते, दगड नंतर पडतात. मुलगी देताना निदान तिच्या बदल्यात काही मिळवतो आहोत, अशी फसवी आशा त्याला होती. आता ती मेल्यावरही तो पद सोडत नाही.

आता ललितागौरीबद्दल. तिला नाटकात जवळजवळ बोलूच दिलेले नाही. ती पूजेला येते, नाचते, नेली जाते, मरते. तेंडुलकरांवर यासाठी टीका करता येईल, पण मला वाटते की सौद्याचे स्वरूपच तसे असल्यामुळे ती मुकी आहे. दोन पुरुषांच्या व्यवहारात ती वस्तू आहे. महत्त्वाकांक्षा घाशीरामाची, सोय नानांची, आणि किंमत तिने मोजली जिला कसलीच महत्त्वाकांक्षा नव्हती. अधःपतनाच्या चर्चेत आपण नायकाच्या आत्म्याचे काय झाले याची फार काळजी करतो. ज्याच्या जिवावर नायक चढला आणि पडला, त्याच्याकडे पाहायचे राहून जाते.

हेच नाटकाबाहेरही झाले. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने हे नाटक पहिल्यांदा केले. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नानांच्या भूमिकेत मोहन आगाशे आणि घाशीरामाच्या भूमिकेत रमेश टिळेकर. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबवले. मग त्यातली तरुण मंडळी बाहेर पडली, थिएटर अकादमी स्थापन झाली आणि १९७४ पासून प्रयोग पुन्हा सुरू झाले. १९८० साली नाटक युरोपच्या दौऱ्यावर निघाले तेव्हाही मोठा विरोध झाला. आक्षेप मुख्यतः दोन होते : नाना फडणविसांची बदनामी आणि ब्राह्मणांची बदनामी. या दोन्ही आक्षेपांत ललितागौरी नाही. थोर पुरुषाच्या प्रतिमेला धक्का लागतो का, यावर शहर भांडले. मुलीचे काय झाले, हा भांडणाचा विषय झाला नाही.

नाटकाच्या शेवटी जमाव घाशीरामाचा बळी मागतो. नाना आज्ञेवर सही करतात. घाशीराम मरतो. आणि मग नाना लोकांसमोर येऊन जाहीर करतात की शहरावरचे संकट टळले, आता उत्सव करा. मानवी भिंत पुन्हा नाचू लागते. नाटक जिथे सुरू झाले होते तिथेच येऊन थांबते.

आपण ज्या गावात बसलो आहोत, तिथेही असा एक शेवट झाला आहे. १० जुलै १५८४ रोजी इथल्या प्रिन्सेनहोफमध्ये विल्यम ऑफ ऑरेंजचा खून झाला. मारेकरी बाल्थाझार जेरार हा फ्रांश-कोंतेहून आलेला परका तरुण होता. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने विल्यमला मारणाऱ्याला २५,००० क्राउनचे इनाम आणि सरदारकी जाहीर केली होती. जेरारला धर्माचे वेड होते, त्याला मोठे व्हायचेही होते. नाव बदलून, खोटी कथा रचून तो विल्यमच्या घरात शिरला. खुनानंतर चारच दिवसांनी इथल्या मार्क्टवर, नगरभवनासमोर, अत्यंत क्रूरपणे त्याचा देहान्त करण्यात आला. राजाने आपला शब्द पाळला आणि इनाम म्हणून जेरारच्या घरच्यांना जमिनी व सरदारकी दिली. स्वतः फिलिप आणखी चौदा वर्षे जगला आणि आपल्या राजवाड्यात मेला.

दोन्ही प्रसंग सारखे नाहीत हे मला कळते. जेरारने केलेला खून राजकीय होता, घाशीरामाचा गुन्हा कोतवालीतला. पण दोन्हीकडे चौकात जमलेल्या लोकांच्या हाती हत्यार लागले, ते चालवणारा हात लागला नाही. हत्यार मोडल्यावर न्याय झाला असे सगळ्यांना वाटले.

आता आपल्याकडे वळते. आपण कोणी कोतवाल नाही. पण आपण सगळे कुठल्या तरी संस्थेत वर चढणारी माणसे आहोत, आणि आपल्यातल्या काहींना वर घेतले जाते ते नेमके आपण परके आहोत म्हणून. परका माणूस कमी तक्रार करतो. त्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. नको असलेले काम, अप्रिय कपात, हाताखालच्या लोकांवर वचक हे त्याच्याकडून करून घेता येते. शिवाय त्याला सांगितले जाते की तू इतर स्थलांतरितांसारखा नाहीस. हे वाक्य आपल्याला सुखावते. या देशात २००४ सालापासून उच्चशिक्षित स्थलांतरितांसाठी वेगळी वाट आहे, आणि आपल्यातले कितीतरी जण त्या वाटेने आले. त्यात गैर काही नाही. पण दुसऱ्या वाटेने, होडीतून किंवा ट्रकमधून, आलेल्या माणसाबद्दल आपण जेवणाच्या टेबलावर जे बोलतो, ते ऐकून मला कधी कधी नव्या कोतवालाची गस्त आठवते. कालपर्यंत हाकलला जाणारा माणूस आज दुसऱ्याचा परवाना तपासतो आहे.

दुसरे उदाहरण माझ्या व्यवसायातले आहे. टिलबर्ग विद्यापीठातले सामाजिक मानसशास्त्रज्ञ डिडेरिक स्टापेल यांचे प्रकरण २०११ मध्ये उघडकीस आले. अनेक वर्षे त्यांनी संशोधनाची आकडेवारी स्वतःच रचली होती. पन्नासहून अधिक शोधनिबंध मागे घ्यावे लागले. महत्त्वाकांक्षेची आणि अधःपतनाची ही आधुनिक गोष्ट इथे सगळ्यांना माहीत आहे. तिच्यातले दोन तपशील मला या संदर्भात महत्त्वाचे वाटतात. एक, किंमत कोणी मोजली? त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट करणाऱ्या तरुणांनी. काहीही गैर न करता त्यांच्या प्रबंधांत खोटी आकडेवारी जाऊन बसली होती. ललितागौरीची जागा इथे त्यांची आहे. दोन, हे प्रकरण बाहेर काढले तेही तिघा तरुण संशोधकांनीच. आणि २०१२ च्या अखेरीस चौकशी समितीचा जो अंतिम अहवाल आला, तो एका माणसाला दोषी ठरवून थांबला नाही. इतके गुळगुळीत निष्कर्ष इतकी वर्षे कोणालाच का खटकले नाहीत, सहकारी, नियतकालिके, परीक्षक काय करत होते, हेही त्या समितीने विचारले. तिच्या निष्कर्षांवर पुढे वाद झाले, पण प्रश्न विचारला गेला. १७९१ च्या पुण्यात तो विचारला गेला नव्हता.

शेवटी माझ्या विषयातली एक गोष्ट सांगते. बांध फुटतो म्हणजे पाणी त्याच्या डोक्यावरून जाते, असे आपण धरून चालतो. पुष्कळदा तसे होत नाही. नदीचे पाणी चढले की ते बांधाखालच्या वाळूतून पलीकडे झिरपते आणि आतल्या बाजूला, शेतात, छोटासा झरा फुटतो. त्या झऱ्याबरोबर वाळूचे कण बाहेर येऊ लागतात. मग त्या तोंडापासून नदीच्या दिशेने, उलट, एक नळी पोखरली जाते. वरून बांध हिरवागार दिसत असतो. नळी नदीपर्यंत पोचली की तो खचतो.

असा झरा दिसला तर इथले बांधरक्षक तो थेट बुजवत नाहीत. बुजवला तर पाणी शेजारून फुटते. ते झऱ्याभोवती वाळूच्या पोत्यांचे कडे करतात. कड्यातले पाणी उंच चढते, दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक कमी होतो आणि वाळू वाहायची थांबते. थोडक्यात, उपाय दाबावर केला जातो.

पुण्याने घाशीरामाला मारून झरा बुजवला. दाब तसाच राहिला. म्हणून तेंडुलकरांच्या शेवटच्या प्रवेशात नाना जिवंत आहेत आणि लोक नाचत आहेत.

आपल्याला नाना होण्याची संधी क्वचितच मिळेल, घाशीराम होण्याची मात्र बऱ्याचदा मिळेल. ती आली की तीन साधे प्रश्न विचारावेत असे मी सुचवते. मला इथे का नेमले जात आहे आणि माझ्याकडून नेमके काय करून घ्यायचे आहे? माझ्या वर जाण्याची किंमत कोण मोजणार आहे, आणि त्या माणसाला कोणी विचारले आहे का? आणि एखादी वाईट गोष्ट घडून गेल्यावर 'हे व्हायचेच होते' असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा ते म्हणणारा कोण आहे?

तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे, कारण ते वाक्य बहुतेक वेळा प्रेमाने, खांद्यावर हात ठेवून म्हटले जाते. नानांनीही ते तसेच म्हटले होते. घाशीरामाने तेव्हा तो हात झटकला असता, तर कोतवाली गेली असती, कदाचित जीवही गेला असता. पण जीव पुढे गेलाच. निदान आपली मुलगी कशाने मेली, हे भर पुण्यात मोठ्याने सांगणारा एक माणूस तरी इतिहासाला मिळाला असता.

इतके बोलून मी थांबते. चर्चेत 'राजमुकुट'च्या बाजूने बोलणारे कोणी असतील तर मला ऐकायला आवडेल.